राहिलेले आणि ठेवलेले : थीम पार्कमधील लुप्त राइड्स व त्यांच्या खुणा

थीम पार्क म्हणजे एखाद्या कथेच्या, काळाच्या किंवा प्रदेशाच्या कल्पनेभोवती आखलेले करमणूक-उद्यान, आणि राइड म्हणजे त्यातील अशी रचना, की जिच्यात प्रेक्षक एका जागी बसून देखावा पाहत नाही, तर होडीत, डब्यात किंवा पाळण्यात बसून त्या देखाव्यातून नेला जातो. जत्रेतला आकाशपाळणा जत्रा उठली की सुटा होऊन पुढच्या गावाला जातो, म्हणून तो बंद पडल्याचे दुःख कोणाला होत नाही. थीम पार्कमधली राइड मात्र इमारतीत रुजलेली असते, ती एकाच जागी वीस-तीस वर्षे चालते, दोन पिढ्यांच्या बालपणात शिरते आणि मग, बहुधा त्याच जागी दुसरी राइड बसवायची म्हणून, काढून टाकली जाते. अमेरिकेत अशा काढून टाकलेल्या राइड्सभोवती गेल्या तीन-चार दशकांत स्मरणरंजनाची एक सविस्तर संस्कृती उभी राहिली असून, जुन्या राइडची एखादी खूण नव्या राइडच्या कोपऱ्यात कोठे शिल्लक आहे याचा शोध हा त्या संस्कृतीचा गाभा आहे. या खुणांचा उल्लेख सर्रास एकत्रच केला जातो, परंतु बारकाईने पाहिल्यास त्यांत दोन भिन्न जाती दिसतात: काढण्याचा खर्च परवडला नाही किंवा गरज वाटली नाही म्हणून राहिलेल्या खुणा, आणि रचनाकारांनी मुद्दाम ठेवलेल्या खुणा. पहिल्या जातीकडून दुसरीकडे झालेला प्रवास हाच या स्मरणरंजनाचा खरा इतिहास आहे, आणि त्यात मिळवलेले जितके आहे तितकेच गमावलेलेही आहे.

हा प्रश्न मुख्यतः डिस्ने कंपनीच्या उद्यानांच्या संदर्भात चर्चिला जातो, आणि त्याला कारण आहे. कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडलेले डिस्नेलँड हे मुळातच स्मरणरंजनाच्या पायावर उभारलेले होते; प्रवेशद्वारातून आत येताच लागणारी ‘मेन स्ट्रीट’ ही विसाव्या शतकाच्या आरंभीच्या छोट्या अमेरिकन गावाची बाजारपेठ आहे, आणि तिच्यामागे वॉल्ट डिस्ने यांच्या बालपणीच्या मिसुरी राज्यातील मार्सेलिन गावाची आठवण आहे. त्याच वेळी हे उद्यान कधीच पुरे होणार नाही, त्यात सतत भर पडत राहील, अशी वॉल्ट डिस्ने यांची जाहीर भूमिका होती. म्हणजे जे स्थळ लोकांना भूतकाळात परतण्याचे आमंत्रण देते, तेच स्थळ आपला स्वतःचा भूतकाळ मोडीत काढण्यास बांधील आहे. ‘टुमॉरोलँड’ या विभागात तर ही विसंगती उघडीच पडते, कारण तेथे दाखवलेला उद्याचा काळ पंधरा-वीस वर्षांत कालचा होतो, आणि डिस्ने उद्यानांतील सर्वाधिक शोक ज्यांच्या वाट्याला आला त्या राइड्सपैकी कितीतरी भविष्याविषयीच्याच होत्या.

राइड बंद का होते, याची कारणे भावनेपेक्षा हिशेबाशी निगडित असतात. जुन्या राइड्सना अनेकदा एखाद्या उद्योगसमूहाचे प्रायोजकत्व असे. फ्लोरिडातील एपकॉट या उद्यानात १ ऑक्टोबर १९८३ रोजी सुरू झालेली ‘होरायझन्स’ ही भविष्यकाळातील घरांची राइड जनरल इलेक्ट्रिकच्या पैशावर चालत होती, आणि कंपनीने १९९३ मध्ये अंग काढून घेतल्यावर तिचे दिवस भरले. शेजारची राइड नूतनीकरणासाठी बंद असल्याने ती १९९५ च्या अखेरीस पुन्हा चालू करण्यात आली आणि ९ जानेवारी १९९९ रोजी कायमची थांबली. पाणबुड्यांची राइड एका तासाला थोड्याच लोकांना नेते, आणि तिला लागणारा निवळ पाण्याचा तलाव व देखभाल मात्र अवाढव्य असते, म्हणून फ्लोरिडातील मॅजिक किंगडममधील ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ ही राइड १९७१ ते १९९४ अशी चालून बंद झाली. अलीकडे आणखी एक कारण बळावले आहे, ते म्हणजे प्रत्येक राइड कंपनीच्या मालकीच्या एखाद्या गाजलेल्या चित्रपटाशी जोडण्याचा आग्रह. एपकॉटमधील नॉर्वेच्या दालनातील ‘मेलस्ट्रॉम’ ही होडीची राइड २०१४ मध्ये थांबवून २०१६ मध्ये तिच्याच पाणवाटेवर ‘फ्रोझन’ चित्रपटाची राइड आणली गेली, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

राहिलेल्या खुणांत सर्वांत प्रामाणिक म्हणावी अशी एक खूण डिस्नेलँडच्या एका बागेत आहे. १९५७ मध्ये मोन्सँटो या रसायन कंपनीने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मदतीने तेथे ‘हाउस ऑफ द फ्यूचर’ हे जवळजवळ संपूर्ण प्लॅस्टिकचे घर उभारले होते. ती चालती राइड नव्हती, आतून फिरून पाहण्याचे प्रदर्शन होते. १९६७ मध्ये ते पाडायची वेळ आली तेव्हा पाडकामाचा लोखंडी गोळा भिंतीवर आपटून परत उसळू लागला, आणि अखेर करवतींनी कापून काढण्यात दोन आठवडे गेले. घराचा काँक्रीटचा चौथरा काढण्याचा खटाटोप मात्र कोणी केला नाही. तो हिरव्या रंगाने रंगवून झाडीत मिसळून टाकण्यात आला आणि अजून तेथेच आहे. त्यावर पाटी नाही, कोणाला वंदन नाही, आणि म्हणूनच तो इतिहासाचा पुरावा म्हणून अधिक विश्वासार्ह ठरतो.

याच जातीचे, पण कित्येक पटींनी मोठे उदाहरण म्हणजे पीपलमूव्हरचा मार्ग. २ जुलै १९६७ रोजी सुरू झालेली ही टुमॉरोलँडमधील उंच मार्गावरून संथ फिरणारी गाडी होती. तिच्या डब्यांना स्वतःचे इंजिन नव्हते, मार्गात ठरावीक अंतरावर बसवलेली रबरी चाके विजेवर फिरत आणि वरून जाणाऱ्या डब्याला पुढे ढकलत. वॉल्ट डिस्ने यांच्या मनात ती केवळ करमणूक नव्हती, फ्लोरिडात वसवायच्या नियोजित शहरातील सार्वजनिक वाहतुकीची ती रंगीत तालीम होती. ऑगस्ट १९९५ मध्ये ती थांबवून तिच्याच मार्गावर १९९८ मध्ये ‘रॉकेट रॉड्स’ ही वेगवान राइड आणली गेली, पण संथ गाडीसाठी बांधलेल्या त्या मार्गाच्या वळणांना वेगाला लागणारा उतार दिलेलाच नव्हता, त्यामुळे प्रत्येक वळणावर वेग कमी करून पुन्हा वाढवावा लागे, टायर झिजत, बिघाड होत, आणि दोन-अडीच वर्षांतच, २००० च्या सप्टेंबरात, तीही थांबली. तेव्हापासून तो मार्ग रिकामाच आहे. तो इतर इमारतींच्या अंगाखांद्यांवरून, काही ठिकाणी त्यांच्या आतून, जात असल्याने पाडणे अवघड, आणि चालू करणे खर्चिक. पाव शतकाहून अधिक काळ लाखो लोक त्याच्या सावलीतून चालत आहेत. ज्यांनी ती गाडी पाहिलीच नाही त्यांना ते नुसते वास्तुशिल्प वाटते.

त्या गाडीची फ्लोरिडातील धाकटी बहीण मात्र १९७५ पासून आजही फिरते आहे, आणि तिच्यात बसलेल्यांना मार्गातल्या एका काचेपलीकडे ‘प्रोग्रेस सिटी’ या नियोजित शहराच्या प्रतिकृतीचा एक तुकडा दिसतो. ही प्रचंड प्रतिकृती मूळची डिस्नेलँडमधील ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ या नाट्यगृहाच्या वरच्या मजल्यावर होती. न वसलेल्या शहराचा अवशेष त्या शहरासाठी कल्पिलेल्या गाडीतून पाहायचा, असा हा दुर्मीळ योग आहे. गंमत अशी, की या तंत्राला उद्यानाबाहेर मिळालेला खरा वारस टेक्सासमधील ह्यूस्टनच्या विमानतळावर आहे, जेथे डिस्नेच्याच वाहतूक शाखेने बांधलेली टर्मिनलांना जोडणारी भुयारी गाडी १९८१ मध्ये सुरू झाली. तिच्यात बसणाऱ्या प्रवाशांत स्मरणरंजनाने व्याकूळ होणारे फारसे आढळत नाहीत.

राहिलेले आणि ठेवलेले यांच्या मधोमध पुनर्वापराचा एक प्रदेश आहे. ‘अ‍ॅनिमॅट्रॉनिक’ म्हणजे हवेच्या किंवा तेलाच्या दाबाने अथवा विजेने हलणारी, ध्वनिमुद्रित संवादांशी व गाण्यांशी हालचाली जुळवलेली यांत्रिक आकृती. ती बनवणे अतिशय महाग असल्याने राइड बंद झाली तरी आकृती टाकून देण्यास कोणी धजावत नाही. डिस्नेलँडमध्ये १९७४ ते १९८८ या काळात चाललेल्या ‘अमेरिका सिंग्ज’ या संगीतमय प्रयोगात गाणाऱ्या प्राण्यांचा मोठा ताफा होता. प्रयोग चालू असतानाच त्यातील दोन हंस काढून, त्यांची पिसे व कातडी उतरवून, १९८७ च्या ‘स्टार टूर्स’ राइडच्या रांगेत त्यांना दुरुस्तीकाम करणारे यंत्रमानव म्हणून बसवले गेले. आजही त्यांच्या पायांच्या ठेवणीत हंस ओळखता येतो. बाकीच्या ताफ्यातील पुष्कळ प्राणी जुलै १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्प्लॅश माउंटन’ या ओंडक्याच्या होडीतून शेवटी उंचावरून पाण्यात कोसळणाऱ्या राइडमध्ये गेले आणि तेथे त्यांनी आणखी चौतीस वर्षे नोकरी केली. येथे स्मृती जपण्याचा उद्देश कोणाच्याच मनात नव्हता, उद्देश काटकसरीचा होता. तरीही जाणत्या प्रेक्षकाच्या दृष्टीने ती एका राइडच्या पोटातील दुसरी राइड ठरली.

ठेवलेल्या खुणांच्या परंपरेत सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रकरण ‘मिस्टर टोड्ज वाइल्ड राइड’चे आहे. केनेथ ग्रॅहम यांच्या १९०८ च्या ‘द विंड इन द विलोज’ या पुस्तकातील मोटारवेडा बेडूक, त्यावरून डिस्नेने १९४९ मध्ये केलेला चित्रपट, आणि त्या चित्रपटावरून केलेली ही डार्क राइड, म्हणजे अंधाऱ्या इमारतीतून फ्लुरोसंट रंगांनी उजळलेल्या देखाव्यांमधून छोट्या गाड्यांनी जाण्याची राइड. तिचा शेवट बालकथेला न शोभणारा होता: बेडकाची गाडी समोरून येणाऱ्या आगगाडीवर आदळते आणि प्रवासी थेट नरकात पोहोचतात. मूळ पुस्तकात याचा मागमूस नाही. फ्लोरिडात ती १९७१ मध्ये मॅजिक किंगडमबरोबरच सुरू झाली, आणि तेथे तिचे दोन वेगवेगळे मार्ग असल्याने एकाच राइडचे दोन अनुभव मिळत. १९९७ च्या अखेरीस ती काढून ‘विनी द पू’ या अस्वलाची राइड येणार अशी बातमी पसरली, तेव्हा चाहत्यांनी हिरवे टी-शर्ट घालून उद्यानात जमण्याचे, एकामागून एक त्याच राइडमध्ये बसण्याचे आणि कंपनीला पोस्टकार्डे धाडण्याचे आंदोलन चालवले. राइड वाचली नाही; ७ सप्टेंबर १९९८ हा तिचा शेवटचा दिवस ठरला.

पण १९९९ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या पूच्या राइडमध्ये, घुबडाच्या घरातील देखाव्यात, एक तसबीर लावलेली आढळली: मिस्टर टोड घुबडाच्या हाती घराचा दस्तऐवज सोपवत आहेत. दुसऱ्या एका तसबिरीत बेडकाचा मित्र मोल हा चिचुंद्रीवजा प्राणी पूपुढे टोपी काढून उभा आहे. शिवाय ‘हाँटेड मॅन्शन’ या भुतांच्या वाड्याबाहेरील पाळीव प्राण्यांच्या स्मशानात टोडचा एक छोटा पुतळा उभा राहिला. या तिन्ही खुणा विनोदी आहेत, आणि त्यांचा विनोद नेमका आहे: ज्यावर तक्रार होती तो मालमत्तेचा ताबाच त्यांनी रीतसर हस्तांतरण म्हणून रंगवला. कंपनीच्या रचनाकारांना, ज्यांना तेथे ‘इमॅजिनिअर’ म्हणतात, आंदोलकांविषयी सहानुभूती होती असे यावरून मानण्याचा मोह होतो, आणि तो मोह चुकीचा असेलच असे नाही. तथापि खरेदीखत नेहमी विकत घेणाऱ्याच्या कपाटात राहते, ही व्यवहारातली गोष्ट येथेही लागू आहे. तसबीर पाहून हसणारा चाहता हस्तांतरणाला साक्षीदार म्हणून सही करून बाहेर पडतो. कॅलिफोर्नियात मात्र टोडची १९५५ पासूनची राइड आजही चालू आहे, नरकासकट.

टोडनंतर अशा खुणा ठेवणे हा जणू शिष्टाचारच झाला. पाणबुड्यांचा तलाव २००४ मध्ये उपसून बुजवला गेला, आणि २०१२ मध्ये त्या परिसरात ‘लिटल मर्मेड’ची राइड आली तेव्हा तिच्या रांगेजवळच्या कृत्रिम खडकात नॉटिलस पाणबुडीचा आकार कोरण्यात आला. डिस्नेलँडमधील पूच्या राइडने २००३ मध्ये ‘कंट्री बेअर जम्बोरी’ या अस्वलांच्या गायन-प्रयोगाची जागा घेतली. त्या प्रयोगात भिंतीवरून बोलणारी हरीण, गवा व मूस यांची तीन मुंडकी नव्या राइडमध्ये प्रवाशांच्या पाठीमागे, कमानीच्या वर, अंधारात बसवली आहेत, आणि योग्य क्षणी मान मागे वळवली तरच ती दिसतात. टोडच्याही आधी, १९९५ मध्ये, ‘इंडियाना जोन्स’ची राइड जुन्या वाहनतळाच्या जागेत शिरली, म्हणून तिच्या रांगेतील प्रोजेक्टरच्या खोलीत ईयोर गाढवाचे चित्र असलेली पार्किंगची पाटी दडवलेली आहे, वाहनतळाचेही स्मारक होऊ शकते हे त्यावरून कळते. मॅटरहॉर्न या कृत्रिम पर्वतातून आरपार जाणारा ‘स्कायवे’ हा हवाई पाळणा १९९४ मध्ये बंद झाला होता, त्याचा एक पाळणा २०१५ पासून त्याच पर्वतातील हिममानवाच्या लुटीच्या ढिगाऱ्यात पडलेला दिसतो. फ्लोरिडातील स्कायवेच्या एका स्थानकाचे भाग्य निराळे निघाले: १९९९ मध्ये पाळणा थांबला, आणि २०१३ मध्ये त्या जागी रॅपुन्झेलच्या कथेने सजवलेली स्वच्छतागृहे आली.

प्रतिस्पर्धी युनिव्हर्सल कंपनीनेही ओरलँडोत हीच रीत उचलली. तेथील किंग काँगची राइड २००२ मध्ये जाऊन २००४ मध्ये ‘रिव्हेंज ऑफ द ममी’ आली, आणि इजिप्शियन खजिन्याच्या सोन्यात काँगची एक सोनेरी मूर्ती मिसळून ठेवली गेली. जानेवारी २०१२ मध्ये बंद झालेल्या, ‘जॉज’ या शार्कच्या चित्रपटावरील राइडच्या जागेवर उभ्या राहिलेल्या हॅरी पॉटरच्या डायगन अ‍ॅलीबाहेरील लंडनच्या देखाव्यात, एका रेकॉर्डच्या दुकानाच्या काचेत, त्या चित्रपटातील शार्कशिकारी क्विंटच्या नावाने एक काल्पनिक तबकडी मांडलेली आहे.

एवढ्या खुणांची मोजदाद करताना एक गोष्ट सहज नजरेआड होते: राइड ही वस्तू नसून कालावधी आहे. ठरावीक मिनिटांत, ठरावीक वेगाने, ठरावीक क्रमाने देखावे समोर येणे, वळणावर गारवा जाणवणे, आवाज जवळ येऊन मागे पडणे, यांचीच मिळून राइड बनते. आणि यांपैकी काहीही खडकात कोरता येत नाही. होरायझन्सची इमारत पाडून २००३ मध्ये ‘मिशन : स्पेस’ उभी राहिली, तेव्हा तिच्या रांगेतील फिरत्या चक्राच्या मध्यभागी होरायझन्सचे बोधचिन्ह बसवण्यात आले. परंतु होरायझन्स ज्यांनी अनुभवली त्यांच्या आठवणीत बोधचिन्ह नसून वास आहे: वाळवंटात यंत्रमानवांनी पिकवलेल्या संत्र्यांच्या बागेजवळून जाताना हवेत संत्र्याचा गंध सोडला जाई. अखेरीस वाळवंट, समुद्रतळ की अंतराळ, यांपैकी कोणत्या मार्गाने परतायचे हे डब्यातील प्रवासी बटणे दाबून बहुमताने ठरवत, आणि त्यानुसार पडद्यावरील शेवट बदले. या राइडच्या शेवटच्या वर्षांत काही चाहते चालत्या डब्यांतून नियम मोडून खाली उतरले, देखाव्यांच्या मागे फिरले आणि त्यांनी सारे छायाचित्रांत व चित्रफितींत टिपून ठेवले. ते बेकायदा होते आणि धोक्याचेही होते. तरी त्या राइडच्या अंतर्भागाचे जे तपशीलवार दस्तऐवजीकरण सर्वसामान्यांना आज उपलब्ध आहे त्यात त्यांचा वाटा मोठा आहे, आणि एका बोधचिन्हापेक्षा ते कितीतरी अधिक सांगते.

शिवाय ठेवलेली खूणही चिरंजीव नसते. मोन्सँटोच्याच पैशावर १९६७ मध्ये सुरू झालेल्या आणि १९८५ पर्यंत चाललेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर थ्रू इनर स्पेस’मध्ये प्रवासी एका भल्यामोठ्या सूक्ष्मदर्शकात शिरून अणूएवढे लहान होत असल्याचा आभास होता, न थांबता सरकणाऱ्या आणि देखाव्याकडे आपोआप वळणाऱ्या डब्यांची ओम्निमूव्हर ही साखळीपद्धत प्रथम तेथेच वापरली गेली. तिची जागा घेणाऱ्या स्टार टूर्सच्या मूळ चित्रफितीत तो सूक्ष्मदर्शक क्षणभर एका कोपऱ्यात दिसे. २०१० मध्ये ती चित्रफीत बदलण्यासाठी बंद झाली, आणि अवशेषाचाही अवशेष होण्याची पाळी आली.

स्मरणरंजनाच्या अभ्यासात स्वेतलाना बॉयम यांनी २००१ च्या ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ या ग्रंथात केलेला भेद येथे उपयोगी पडतो. गेलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारे एक स्मरणरंजन, त्याला पुनर्स्थापक म्हणता येईल; आणि गेल्याची जाणीव ठेवून त्या अंतराचाच विचार करणारे दुसरे, ते चिंतनशील. रिकाम्या पीपलमूव्हरखाली उभे राहून येणारी भावना दुसऱ्या प्रकारची असते, तर टोडच्या आंदोलकांची पहिल्या. पण थीम पार्कने या मांडणीत न बसणारा तिसराच प्रकार जन्माला घातला आहे, तो म्हणजे स्वतः न पाहिलेल्याची आठवण. १९६९ च्या ऑगस्टमध्ये डिस्नेलँडचा भुतांचा वाडा उघडला तेव्हा त्यात ‘हॅटबॉक्स घोस्ट’ नावाचे एक भूत होते, ज्याचे डोके अदृश्य होऊन हातातल्या टोपीच्या पेटीत प्रकटायचे. आजूबाजूच्या उजेडामुळे ही करामत साधेना, म्हणून ते अल्पावधीतच काढून टाकले गेले. ते प्रत्यक्ष पाहिलेली माणसे मोजकी असणार. तरीही मोजक्या छायाचित्रांवर त्याची कीर्ती वाढत गेली, चाळीसहून अधिक वर्षे त्याच्या परतीची मागणी होत राहिली, आणि मे २०१५ मध्ये नव्या तंत्राने ते खरोखरच परत आले. ज्यांनी त्याचे स्वागत केले त्यांतील बहुतेकांचा जन्म ते नाहीसे झाल्यानंतरचा होता. या प्रकाराला वारसा म्हणावे की दंतकथा, हे ठरवणे कठीण आहे. परंतु खुणा वाचण्याची विद्या एकदा पसरली की मूळ अनुभवाची अट उरत नाही, एवढे त्यावरून दिसते.

कंपनीने ही विद्या ओळखली आणि तिला दुकानात आणले, यात नवल नाही. एपकॉटमधील ‘जर्नी इन्टू इमॅजिनेशन’ या १९८३ च्या राइडमधून जांभळा ड्रॅगन फिगमेंट १९९९ च्या आवृत्तीत जवळजवळ हद्दपार झाला, तक्रारी झाल्या, आणि २००२ मध्ये त्याला परत आणावे लागले; आजची राइड मूळ राइडची सावलीही नाही असे जुन्यांचे मत असले, तरी जानेवारी २०२२ मध्ये फिगमेंटच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली विक्रीस आली तेव्हा तिच्यासाठी लोक कित्येक तास रांगेत उभे होते. राइड सुधारण्यापेक्षा बादली विकणे स्वस्त पडते. ज्या कंपनीने राइड पाडली तिच्याकडूनच तिचे चित्र असलेला टी-शर्ट विकत घेणे यात चाहत्यांना फारसे खटकत नाही, आणि हेच बहुधा सर्वांत खटकण्यासारखे आहे.

स्मरणरंजन कोणाचे, हा प्रश्न स्प्लॅश माउंटनने टाळता येणार नाही असा समोर आणला. ती राइड १९४६ च्या ‘साँग ऑफ द साउथ’ या चित्रपटातील प्राणिकथांवर बेतलेली होती, आणि अमेरिकेच्या दक्षिणेतील मळ्यांवरचे कृष्णवर्णीयांचे जीवन सुखासमाधानाचे रंगवणारा तो चित्रपट इतका आक्षेपार्ह ठरला होता, की कंपनीने तो अमेरिकेत घरगुती व्हिडिओवर कधीच आणला नाही. राइड मात्र त्यातली माणसे गाळून, फक्त प्राणी व गाणी घेऊन, लाखो कुटुंबांच्या आनंदाचा भाग झाली. जून २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देशभर निदर्शने चालू असताना, ती बदलून ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’मधील टियाना या डिस्नेच्या पहिल्या कृष्णवर्णीय राजकन्येची राइड होणार असे जाहीर झाले. २०२३ मध्ये दोन्ही अमेरिकन उद्यानांतील राइड्स बंद झाल्या. फ्लोरिडातील शेवटच्या दिवसांनंतर तेथील पाणी म्हणून भरलेल्या बरण्या ऑनलाइन लिलावात दिसू लागल्या. शोक करणारे सारेच वंशद्वेष्टे होते असे म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांतील अनेकांनी तो चित्रपट पाहिलेलाच नव्हता. परंतु न पाहता आल्यामुळेच ती राइड निरागस वाटत राहिली, हेही तितकेच खरे आहे. २०२४ मध्ये दोन्हीकडे टियानाची राइड सुरू झाली. डोंगर तोच, पाण्याची उडीही तीच, पण सशाच्या, कोल्ह्याच्या व अस्वलाच्या त्या कथेला पूर्वीच्या राइड्सप्रमाणे ठळक मानवंदना देण्याचे टाळण्यात आले, आणि अमेरिका सिंग्जपासून आलेल्या आकृत्यांची सेवाही येथेच संपली. ज्या स्मृतीची लाज वाटते तिची खूण ठेवता येत नाही, या दृष्टीने ठेवलेल्या खुणांची परंपरा किती निवडक आहे हे येथे कळते. तोक्योमध्ये १९९२ पासूनची स्प्लॅश माउंटन मात्र चालू आहे.

या सगळ्याशी ताडून पाहण्याजोगे स्थळ न्यूयॉर्कमधील कोनी आयलंड हे आहे, कारण तेथे खुणांचे भवितव्य एका कंपनीच्या हाती राहिले नाही. तेथील स्टीपलचेस पार्क १९६४ मध्ये बंद झाले, बांधकाम व्यावसायिक फ्रेड ट्रम्प यांनी ती जागा घेतली आणि १९६६ मध्ये पाडकामाआधी निमंत्रितांना बोलावून काचेच्या दर्शनी भागावर विटा फेकण्याचा समारंभ केला. पार्कमधील पॅराशूट जंप हा १९३९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधून १९४१ मध्ये तेथे हलवलेला सुमारे २५० फुटी पोलादी मनोरा तेवढा उरला, आणि १९८९ मध्ये त्याला शहराच्या संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. १९२७ च्या सायक्लोन या लाकडी मार्गाच्या रोलर कोस्टरला तो आदल्या वर्षीच मिळाला होता, आणि ती आजही चालते. मात्र कायद्याचे छत्र सर्वांना लाभत नाही: जिच्याखालचे घर वुडी अ‍ॅलन यांच्या ‘अ‍ॅनी हॉल’ चित्रपटात दिसते ती १९२५ ची थंडरबोल्ट ही रोलर कोस्टर २००० मध्ये शहराने स्वतःच पाडली. भारतात असे छत्र करमणुकीच्या यंत्रांना देण्याची कल्पना अजून रुजलेली नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातील अप्पू घर १९८४ पासून चालून २००८ मध्ये बंद झाले तेव्हा नुसती एखादी राइड नव्हे, तर सबंध उद्यानच गेले, आणि जेथे उद्यानच उरत नाही तेथे जुन्या राइडची तसबीर टांगायला नव्या राइडची भिंतही उरत नाही.

सध्याची घडामोड या दोन जातींच्या पलीकडे जाणारी आहे. ६ जुलै २०२५ नंतर मॅजिक किंगडममधील ‘रिव्हर्स ऑफ अमेरिका’ हा १९७१ पासूनचा कृत्रिम जलमार्ग, त्यावरची आगबोट आणि मधले टॉम सॉयरचे बेट, हे सारे ‘कार्स’ चित्रपटावरील नव्या विभागासाठी बंद करण्यात आले. येथे एक राइड गेली नसून उद्यानाच्या मधोमध असलेला निवांतपणा गेला आहे, आणि आगबोटीचा भोंगा किंवा नामफलक कोठेतरी बसवून त्याची भरपाई होण्यासारखी नाही. त्याच महिन्यात एपकॉटमध्ये ‘टेस्ट ट्रॅक’ची तिसरी आवृत्ती सुरू झाली, आणि ती त्याच इमारतीत १९८२ ते १९९६ चाललेल्या ‘वर्ल्ड ऑफ मोशन’ या राइडच्या प्रेरणेने रचल्याचे कंपनीने आधीपासून जाहीर केले होते. म्हणजे पूर्वी कोपऱ्यात दडवली जाणारी आठवण आता जाहिरातीच्या पहिल्या ओळीत आली आहे. ज्याला शोधावे लागत नाही ते चाहत्यांच्या किती उपयोगाचे, हे येत्या काही वर्षांत दिसेल. मात्र वर्ल्ड ऑफ मोशनमधील चाकाच्या शोधापासूनचे ते संथ, विनोदी देखावे परत आलेले नाहीत, परत आले आहे ते त्यांचे नाव घेण्याचे धाडस.